जंतूचं औषध

उकंडा हे नाव कुणी हौसेने ठेवत नाही. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून तिसऱ्याला जन्मल्याबरोबर शेणकेराच्या ढिगावर ठेवलं. त्या ढिगालाच आपल्याकडे उकंडा म्हणतात. मग शेजारीण आली, "कोणाचा केर पडला बाप्पा इथं?" म्हणाली आणि पोरगं उचलून आईच्या मांडीवर टाकलं. केराकडे यम ढुंकून पाहत नाही, एवढाच त्यात डाव. डाव साधला. पोरगा जगला आणि पुढे पन्नाशीपर्यंत भेटेल त्याला सांगत राहिला, "माह्या नावातच खत हाय. मले कुठंही फेका, मी उगवतो."

तो उगवला कापसात. पुसदच्या आजूबाजूच्या शिवारात फवारणी म्हटली की उकंडा. पाठीवर पंप, नाकाला ओलं फडकं, वाऱ्याकडे पाठ. ओळ सुटायची नाही आणि एक झाड दोनदा भिजायचं नाही. "वरून तर पाऊसबी भिजवते," तो म्हणायचा, "पान खालून ओलं झालं पायजे." फवारणीवाले पुष्कळ होते, पण पान उलटून पाहणारा हाच. त्यामुळे कृषी केंद्रातल्या माणसाइतकीच औषधं आपल्याला कळतात असा त्याचा समज होता, आणि तो समज तो स्वतःपुरता ठेवत नसे.

पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. शेतमालक सोयाबीनकडे वळले, उकंड्याचा पंप खुंटीला टांगला गेला आणि नाल्याकाठचं जिनिंग बंद पडलं. ते रिकामं शेड गुलाबसिंग राठोड नावाच्या माणसाने घेतलं आणि तिथे लाँड्री टाकली. दवाखान्यांच्या चादरी, वसतिगृहांच्या चादरी, लग्नाच्या मंडपांचे पडदे. उकंडा तिथे लागला. ज्या शेडात रुई उडायची त्या शेडाबाहेर आता साबणाचा फेस उडू लागला. दुरून पाहणाऱ्याला कारखाना बदलला हे कळतही नव्हतं.

फेस नाल्यात जायचा, आणि नाला उकंड्याच्या घरामागून. वारा सुटला की फेसाचे गोळे कुंपण ओलांडून अंगणात, अंगणातून चुलीपाशी. उकंड्याची बायको मथुराबाई भाकरी थापत असताना एक गोळा थेट परातीत येऊन बसला.

"आपल्या वरणावर कधी तूप पडलं नाई," ती म्हणाली, "फेस बरा पडते."

"शेठले सांगतो."

"सांगा. तुमीच धुता अन् तुमीच सांगता."

दुसऱ्या दिवशी तिने गाठोडं बांधलं आणि बोरी अरबला भावाकडे निघाली. दारात दोन गोष्टी बोलली. "नाल्यातला फेस गेल्याबिगर मी येत नाई. अन् माह्या दगडाले कोणी हात लावला, तर मग कधीच येत नाई."

दगड म्हणजे तिचा धुण्याचा दगड. लग्नात तिच्या बापाने बैलगाडीत घालून पाठवलेला, काळा, म्हशीच्या पाठीएवढा. वीस वर्षं कपडे आपटून मधे खोलगट झालेला. शेजारच्या सुखीबाईचा त्याच्यावर डोळा होता, म्हणून ही ताकीद.

उकंड्याला वाटलं आठवड्यात येईल. आली नाही. तो बोरीला गेला. मेहुण्याने, पंजाबरावाने, बशीतून चहा पाजला, कापसाच्या भावाला शिव्या घातल्या आणि जावयाला एकट्यालाच एसटीत बसवून दिलं. मथुराबाईने आतूनच विचारलं, "गेला का फेस?" तेवढाच काय तो संवाद.

घरी स्वयंपाक त्याला येत होता. त्याची अडचण वेगळी होती. वीस वर्षं रोज संध्याकाळी कुणीतरी त्याला मूर्ख म्हणत होतं, आणि आता घरात कुणीच काही म्हणत नव्हतं. शांततेने त्याला भाकर जाईना.

मग त्याने गुलाबसिंगच्या मागे टुमणं लावलं. गुलाबसिंगकडेही खालच्या वस्तीतून बोंब आलीच होती. सुखीबाईची म्हैस नाल्यात बसायला तयार नव्हती, आणि सुखीबाई ते साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती. शेवटी गुलाबसिंग कॉलेजातून अनघा मॅडमला घेऊन आला. मॅडम तिथे सूक्ष्मजीव शिकवायच्या. वयाने तरुण, चालीने तुरुतुरु, साडीचा पदर खोचलेला. नाल्यात काडी घालून त्यांनी फेस उचलला, पाहिला आणि म्हणाल्या, "हा फेस खाणारे जंतू असतात. त्यांच्याकडून करून घेऊ."

"मॅडम," गुलाबसिंग म्हणाला, "जंतूच पायजे असन तर आमच्या शेडात फुकट भेटते."

"सगळे नाही खात. ज्या मातीवर वर्षानुवर्षं साबणाचं पाणी पडतं, तिथल्या जंतूंना सवय होते. दुसरं काही मिळत नाही, मग ते साबणातला फेस करणारा भागच तोडून खातात."

"आमच्या ससुरालसारखं," गुलाबसिंग म्हणाला.

जिनिंगचा एक मोठा हौद शेडामागे होता, रुईला आग लागली तर विझवायला बांधलेला. त्यात लाँड्रीचं पाणी वळवलं. मॅडमनी धोबीघाटावरच्या गाळातून कॉलेजात वाढवलेले जंतू कॅनमध्ये भरून आणले आणि हौदात ओतले. उकंड्याने वास घेतला आणि "विरजण" असं नाव देऊन टाकलं. जंतूंना श्वासाला हवा लागते, म्हणून एक मोटर पाणी वर उचलून छिद्रांच्या नळीतून परत हौदात पाडत होती. पण वीज म्हणजे त्या वर्षांत पाहुणी, केव्हा येईल आणि केव्हा जाईल सांगता येत नव्हतं. ती गेली की उकंडा लांब बांबू घेऊन हौद ढवळायचा.

ढवळणं हलकं काम नाही. खांद्याने ढवळणारा लवकर बसतो. कमरेतून वळावं लागतं, बांबू तळाला टेकवून वर आणावा लागतो, नाहीतर वरचं पाणी फिरतं आणि खालचं झोपून राहतं. उकंडा तळ सोडत नव्हता. घाम गाळून तो जंतूंना श्वास देत होता, आणि त्यासाठी त्यांना शिव्याही देत होता.

फेस उतरला. आधी कुंपणाखाली आला, मग नाल्यातच राहिला, मग वळणापाशी थोडा साचायचा तेवढाच. उकंड्याने बोरीला निरोप धाडला, "फेस चालला. कोणाले तरी पाहायले पाठवा." पंजाबराव बाजार करून येतो म्हणाला.

नेमक्या त्याच दिवसांत मॅडम नागपूरला प्रशिक्षणाला गेल्या. जाताना त्यांनी गुलाबसिंगला फोन केला की शेडात एक पांढरी पिशवी ठेवली आहे, त्यात जंतूंचा खुराक आहे, म्हणजे थोडं खत आणि गूळ. साबणात सगळं पोषण नसतं, म्हणून तो मधूनमधून हौदात टाकायचा. गुलाबसिंग तेव्हा ट्रकमधून चादरी उतरवून घेत होता. फोन खिशात घालून तो ओरडला, "उकंड्या, हौदात जंतूचं औषध टाकून दे. मॅडमनं सांगतलं."

इथे एक समजून घ्यायला पाहिजे. आपल्याकडे औषध म्हणजे पिकावर मारायचं ते. आणि उकंड्याला तर त्यातही फरक माहीत होता. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, अळी पडली तर किडीचं औषध. पण पानावर कोनाकोनाचे काळे डाग पडले, तर तो जंतू. त्याला कीड मारणारं चालत नाही. त्याला तांब्याची निळसर पावडर आणि तिच्यासोबत जंतू मारणारी बारीक पुडी. कृषी केंद्रात तिला जंतूचं औषधच म्हणतात. गुलाबसिंगने इतकं नेमकं नाव घेतल्यावर उकंड्याला शंका येण्याचं कारणच नव्हतं. उलट त्याला मॅडमबद्दल आदर वाटला. जंतूंनी फेस खाल्ला, काम झालं, आता पाणी नाल्यात सोडायच्या आधी ते मारणार. हुशार बाई.

पांढऱ्या पिशवीवर कुणीतरी चादरींचा ढीग टाकला होता. ती उकंड्याला दिसली नाही, आणि त्याने शोधलीही नाही. औषध त्याच्या घरी फवारणीच्या वेळचं उरलेलं होतंच.

त्याने काम चोख केलं. नाकाला ओलं फडकं बांधलं, वाऱ्याकडे पाठ केली. पावडर आधी बादलीत कालवली, गुठळी राहू दिली नाही. पुडी वेगळी विरघळवली. मग हौदाच्या चारही बाजूंनी फिरून सारखं ओतलं आणि बांबूने तळापर्यंत ढवळलं. कोपरा सोडला नाही. मेहनतीत खोट काढायला जागा नव्हती.

दोन-तीन दिवसांत फेस परत आला. असा आला की लग्नाचं वऱ्हाड. नाल्यावरून कुंपणावर, कुंपणावरून अंगणात. आणि त्याच दुपारी पंजाबराव पाहायला आला.

तो अंगणात उभा राहिला. फेसाचा एक गोळा सावकाश येऊन त्याच्या टोपीवर बसला.

"जवाई," तो म्हणाला, "काय सांगू बहिणीले?"

"कालपर्यंत नव्हता हो भाऊ! तुमच्या पायगुणानं आला."

"मग पाय काढतोच," पंजाबराव म्हणाला आणि चहा न घेता गेला. बोरीचा माणूस चहा न घेता जातो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

अनघा मॅडम परतल्या आणि हौदापाशी येऊन थबकल्या. पाणी निळसर हिरवं होतं, अगदी नवं लुगडं धुतल्यासारखं.

"उकंडाभाऊ, यात काय टाकलंत?"

"जंतूचं औषध," उकंडा छाती काढून म्हणाला. "चारी बाजूनं. कोपरा नाई सोडला मॅडम. एक जंतू जिता सापडला तर नाव बदलतो."

मॅडम हौदाच्या कठड्यावर मटकन बसल्या. "नाव नका बदलू," त्या म्हणाल्या. "सापडायचा नाही."

मग कोण कुणाला काय म्हणालं याची चौकशी झाली. मॅडम म्हणाल्या, मी खुराक म्हटलं होतं. गुलाबसिंग म्हणाला, खुराक काय अन् औषध काय, जंतूचं ते जंतूचं. उकंडा म्हणाला, "डोकेदुखीचं औषध डोकेदुखीले वाढवते काय? मारतेच नं?" त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि हौद मेला होता, दोन्ही खरं.

"पुन्हा विरजण आणा," उकंडा म्हणाला.

"होतं तेवढं सगळं ओतलं. आणि गेल्या आठवड्यात नदीला पूर आला, त्याने घाटावरचा गाळ खरवडून नेला, तिथे आता नुसती वाळू आहे."

तेव्हा मात्र उकंड्याचं तोंड उतरलं. आतापर्यंत त्याला वाटत होतं की चूक म्हणजे आठवडाभराची लांबण. आता कळलं की फेस कायमचा राहू शकतो, आणि बोरीहून एसटी रिकामीच येत राहील.

पहिल्यांदा हौद साफ करावा लागला. मॅडमनी चुना टाकून तांबं तळाला बसवलं. वरचं पाणी निवळल्यावर खालचा गाळ उकंड्याने उपसला आणि शेडामागे प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात पुरला. घमेलं काठोकाठ भरणारा माणूस मेहनती नसतो, मूर्ख असतो. अर्धं पायरीवर सांडतं आणि मग पायरीही धुवावी लागते. उकंडा घमेलं चार बोटं कमी भरायचा. ज्याने घाण केली त्यानेच ती उपसली, आणि एकदाही कण्हला नाही. कण्हायला समोर कुणी लागतं.

उपसून झाल्यावर तो मॅडमना म्हणाला, "माह्या नावाचा ढीग हाय नं घरामागं. शेणात काय कमी जंतू असते?"

"भरपूर असतात. पण त्यांना शेण माहीत, साबण नाही. शिकतील, पण वेळ लागेल. साबणाचं पाणी वर्षानुवर्षं मुरलेली, कधी न वाळलेली जागा हवी. अशी एखादी बघा."

उकंड्याला अशी जागा माहीत होती. ऐकल्या क्षणीच माहीत होती. तरी तो संध्याकाळपर्यंत घमेलं घासत बसला.

वीस वर्षं. मथुराबाईचा हात साबणाला सढळ. घरात साखर संपली तरी साबण संपलेला चालत नसे. ते सगळं पाणी दगडावरून दगडाखाली मुरलेलं. तिथली माती उन्हाळ्यातही काळी आणि ओली. आणि दगडाला हात लावला तर ती कधीच येणार नव्हती.

हात लावला नाही तर फेस जाणार नाही, आणि फेस गेला नाही तरी ती येणार नाही. दोन्हीकडून न येणारच असेल, तर निदान फेस तरी जाऊ दे, असा निकाल लावून त्याने सकाळी पहार काढली.

जड दगड उचलायचा नसतो, फसवायचा असतो. पहारेचं टोक एका कडेखाली घातलं, मागे टेकण दिलं, दाबलं. बोटभर उठला की खाली गोटा सरकवला. मग दुसरी कड. गडबड करणाऱ्याची बोटं जातात. उकंडा एकटा होता, पण सूर्य कुंपणावर यायच्या आत दगड उभा कलला. खालून असा वास आला की कुंपणापलीकडून सुखीबाईचं डोकं वर आलं.

"भाऊजी, दगड विकून राह्यले काय?"

"नाई."

"मग खाली काय हाय?"

"तुमच्या कामाचं नाई," उकंडा म्हणाला. जे उत्तर द्यायला नको तेच त्याने दिलं.

काळा बुळबुळीत चिखल त्याने ओल्या पोत्यात भरला, वर ओला गोणपाट टाकला आणि ऊन लागू न देता हौदावर नेला. दगड परत जागेवर ठेवला. मॅडमनी चिखल थोड्या पाण्यात कालवला, खुराक दिला, या वेळी स्वतःच्या हाताने, आणि साबणाचं पाणी आधी चूळभर, मग रोज थोडं थोडं वाढवत सोडायला सांगितलं. उपाशी माणसाला एकदम पुरणपोळी देत नाहीत, तसं.

इकडे सुखीबाईने एसटीडी बूथवरून बोरीला फोन केला. "मथुरे, तुह्या दगडाखालून भाऊजीनं पोतं भरून काहीतरी नेलं. मले सांगत नाई." बोरी अरबला पोहोचेपर्यंत त्याचं सोनं झालं. पंजाबरावाने बहिणीला एसटीत बसवताना सांगितलं, "अर्धं आपलं. दगड आपला होता."

मथुराबाई उतरली ती नाल्याकडे न पाहता सरळ दगडापाशी. बसून तिने कडा हाताने चाचपल्या.

"हललाय."

"हो," उकंडा म्हणाला.

"काय निघालं?"

"चिखल."

"वीस वर्ष संसार केला, अन् मले चिखल सांगता?"

तो तिला हौदावर घेऊन गेला. मॅडम तिथेच होत्या, त्यांनी सगळं समजावलं. मथुराबाईने ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. मग ती वाकली, हौदातला चिखल बोटांनी उचलला आणि नाकाशी नेला. चेहरा बदलला.

"हा तर माह्या मोरीचा वास हाय."

"तुमच्याच आहेत ते," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच पोसलेले."

"अन् ह्या माणसानं पह्यले जे होते ते औषध मारून मारले?"

"हो."

मथुराबाईने नवऱ्याकडे वळून पाहिलं. "मूर्ख," ती म्हणाली.

उकंड्याला त्या दिवशी पोटभर भाकर गेली.

पण ती आली नव्हती. हे तिने स्पष्ट केलं. "मी दगड पाहायले आली. फेस तसाच हाय." गाठोडं तिने खुंटीला टांगलं, सोडलं नाही. घरातल्या पेटीतली जुनी लुगडी नेसायची, चूल पेटवायची, झोपायचीही घरातच, आणि कुणी विचारलं की सांगायची, "मी बोरीलेच हाय." सुखीबाईने हे ऐकून कपाळाला हात लावला.

वीज गेली की ती हौदावर यायची. पहिल्या दिवशी उभी राहून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहवेना.

"कढी ढवळून राह्यले काय? आना इकडं." बांबू हिसकला आणि ढवळू लागली. उकंडा कठड्यावर बसून तिची चूक शोधत होता. बांबू तळाला टेकत होता. कमरेतून वळत होती. खालचं वर येत होतं.

"बरं जमते," तो म्हणाला.

"तुमाले कोणी विचारलं?"

या वेळी विरजण धरायला वेळ लागला. एकदा हौदाला सडका वास आला आणि उकंडा औषधाच्या डब्याकडे नुसता पाहत होता, तर मथुराबाईने डबा उचलून सुखीबाईकडे ठेवायला दिला. तो वास हवा कमी पडल्याचा होता. दोघांनी आळीपाळीने ढवळलं तेव्हा गेला. मग फेस कुंपणाखाली उतरला. मग नाल्यात. मग वळणावर. उकंडा रोज सकाळी वळणापर्यंत जाऊन यायचा आणि चहा घ्यायचा. दोघंही गाठोड्याकडे पाहत नसत.

एका सकाळी सुखीबाईच्या ओरडण्याने ते दोघं बाहेर आले. तिची म्हैस नाल्यात उतरली होती. वळणावर, जिथे शेवटचा फेस साचायचा तिथे, गळ्यापर्यंत पाण्यात बसून रवंथ करत होती. पाणी मळकंच होतं, पण नाल्याचं मळकं. वर पांढरं काही नव्हतं.

अनघा मॅडमनी नंतर बाटलीत पाणी नेऊन तपासलं आणि ठीक आहे म्हणाल्या. पण म्हशीचं आधी झालं होतं.

"आता आली का?" उकंड्याने विचारलं.

मथुराबाई घरात गेली. त्याने आत डोकावून पाहिलं नाही. बाहेर उभा राहून तो कान देऊन ऐकत होता. खुंटी करकरली. मग गाठ सोडताना कापडाचा आवाज आला. बोरीहून आवळून बांधलेली गाठ, नखाने सोडवावी लागत होती.

ती गाठोड्यातले कपडे काखेत घेऊन बाहेर आली, दगडापाशी बसली, आणि साबणाची वडी घेऊन घासायला लागली. घासली ती घासलीच. फेस दगडावरून उतरला, मोरीतून निघाला आणि सरळ नाल्याच्या दिशेने चालला.

"अवं!" उकंडा ओरडला. "अवं, फेस! इतका साबण कायले?"

मथुराबाईने लुगडं दगडावर आपटलं. पाणी त्याच्या तोंडावर उडालं.

"मंग?" ती म्हणाली. "पुढच्या टायमाले तुमी पुन्हा औषध माराल, तवा विरजण कुठून आणसान?"